नागपूरच्या नाटकाचा शेवट

माय,

मी तुझा थोरला मुलगा. नाव तूच ठेवलेले असल्यामुळे ते येथे पुन्हा लिहीत नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, तुमसरच्या एका राईस मिलच्या कचेरीत मुख्य लेखापाल आहे, वयाची पन्नाशी ओलांडली आहे आणि प्रकृती ठीक आहे. पत्राचा हेतू एकच. आपण दोघांनी नागपूरला जाऊन जे नाटक पाहिले, त्याच्या शेवटाबद्दल तुझे आणि माझे एकमत कधी झाले नाही. त्याविषयी माझ्या बाजूने जे सांगायचे राहिले ते मला आज लिहून काढायचे आहे. तुला वाचता येत नव्हते, आणि आता तर तू जाऊनच बरीच वर्षे झाली. तरीही लिहितो आहे, कारण समोरासमोर बसून बोलण्याची सवय आपल्याला नव्हती आणि लिहिण्याची मला आहे.

काल गावची मंडई होती. दिवाळी आटोपली की आपल्या भागात एकेका गावाचा एकेक दिवस ठरलेला असतो. दिवसा बाजार भरतो, लेकी-जावई आणि सोयरे मुक्कामाला येतात, आणि रात्री नाटक होते. तुझ्या वेळी होते तसेच आजही होते. गॅसबत्त्यांच्या जागी विजेचे दिवे आले आणि रंगमंच थोडा उंच झाला, इतकाच फरक. जेवणे उरकली की माणसे आपापली चटई काखेत मारून निघतात, मोकळ्या वावरात ती अंथरतात, मधोमध दोरी बांधलेली असते. दोरीच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. नाटक उजाडेपर्यंत चालते. नाटक उजाडेपर्यंत चालते, हे वाक्य मी मुद्दाम दोनदा लिहितो आहे, कारण पुढे जे झाले ते सगळे याच वाक्यामुळे झाले.

पहाटेचा पहिला कोंबडा आरवला की बायांच्या बाजूला हालचाल सुरू होई. आधी कोणीतरी एकटी उठे, ती शेजारणीच्या खांद्याला हात लावी, शेजारीण पुढचीच्या. थोड्याच वेळात दोरीपलीकडे नुसत्या चटया उरत. घरी पाहुणे निजलेले असत. त्यांच्या आंघोळीचे पाणी तापवायचे, चहा ठेवायचा, सुवाऱ्या तळायच्या, त्याआधी गोठा करायचा. शेवटचा अंक नटमंडळी अर्ध्या वावराला करून दाखवत. बाजार उठतो तशी बायांची बाजू उठते, असे मी पुरुषांच्या बाजूने दरवर्षी पाहत असे आणि त्यात मला वावगे काही दिसत नसे. तू आयुष्यात किती नाटके पाहिलीस ते मला सांगता येणार नाही. त्यांपैकी एकाचाही शेवट तू पाहिला नव्हतास, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

नाटक संपवून आम्ही घरी येतो तेव्हा तू चुलीपुढे असतेस. कढईत सुवारी फुगते, तू ती झाऱ्याने दाबतेस आणि मागे न वळता बाबांना विचारतेस, "का झालं मंग शेवटी?"

"झालं. आटपलं," बाबा म्हणतात. "चहा आहे का?"

"आटपलं ते मलेबी आयकू आलं. थे पोरगी सापडली का तिच्या बापाले?"

"सापडली बाप्पा. नाही सापडून जाते कुठं? चहा दे."

मग तू माझ्याकडे वळतेस. मी शिकलेला, म्हणून माझ्याकडून तपशील मिळेल अशी तुझी अपेक्षा असते. मी सांगतो, की मुलगी सापडली, सावकाराला शिक्षा झाली आणि लग्न झाले. "असं नाही रे," तू म्हणतेस. "सापडली तं कशी सापडली? बापानं तिले वळखलं कायनं? थे बोलली का आधी, का बाप बोलला?" या प्रश्नांची उत्तरे मला माहीत असत. ती द्यायची कशी, हे मात्र मला येत नसे. घटना क्रमाने सांगितल्या की सांगणे पूर्ण झाले, असे मी तेव्हा मानत होतो. तू थोडा वेळ वाट पाहायचीस आणि पुढची सुवारी कढईत सोडायचीस.

ते आणीबाणीचे वर्ष होते. त्या मंडईच्या सकाळी तू मला काही विचारण्याऐवजी सुवाऱ्यांचे ताट पुढे केलेस आणि म्हणालीस, "नागपूरलेबी नाटक होते म्हणे."

"होते."

"तिथं बायांले उठा लागते का रे, अर्ध्यातून?"

"नाही. तिथे कशाला उठावे लागेल?"

"म्हणजे ना ढोरं, ना पाव्हणे."

"काहीच नाही."

"मंग मले एकदा ने. एक डाव शेवट पाहू दे मले."

याआधी तू माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "नाटक पाहाले नागपूर? इथं का नाटकाचा दुष्काळ पडला? आन सकारी माह्या चहाचं का?" तू म्हणालीस, की सून आहे ना घरी. "थे साखर सांडते चहात," बाबा म्हणाले. त्यावर माझी बायको आतून म्हणाली, "मामाजी, साखर तुम्हीच मागता आन सांडते मी?" बाबांनी विषय बदलला. मी तुला म्हणालो की धानाची मळणी होऊ दे, मग पाहतो. पाहतो म्हणजे पाहतोच, हे तुला माझ्याबद्दल ठाऊक होते. तू पुन्हा आठवण केली नाहीस.

नियोजन मी हाती घेतले. त्या वेळी मी आठवडाभर तुमसरला राहत असे आणि सुटीला गावी, करडीला, येत असे. मिलमध्ये नागपूरचे वर्तमानपत्र येई. पौषात मुंबईची एक नाटक कंपनी नागपूरला येणार असल्याची जाहिरात मी त्यात पाहिली आणि कचेरीच्या कामाने तिकडे गेलो असता तिकिटे काढायला नाट्यगृहावर गेलो. माझे महाविद्यालयीन शिक्षण नागपुरातच झाले, पण नाट्यगृहात मी कधी पाऊल टाकले नव्हते. ज्या नातलगांकडे राहत होतो त्यांचे फाटक दिवेलागणीनंतर लवकरच बंद होत असे, आणि ते उघडायला लावण्याइतके मोठे कारण मला कधी मिळाले नाही. खिडकीतल्या माणसाला मी विचारले, की बायांची बाजू कोणती. त्याने चष्म्याच्या वरून पाहिले.

"कुठून आले तुम्ही?"

"भंडारा जिल्ह्यातून."

"इथं बाजू नसते, साहेब. नंबर असते. ज्याचा जो नंबर, तो तिथं बसते."

म्हणजे तू माझ्या शेजारी बसणार होतीस. हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग मी बाकीची चौकशी केली: पुढे खांब आहे का, पंख्याचा वारा थेट अंगावर येतो का, बाहेर पडायचे दार कोणत्या अंगाला आहे, पिण्याचे पाणी कुठे मिळते, नाटक सुरू कधी होते. नाटक संपते कधी, हे मी विचारले नाही. न विचारण्याचे कारण निष्काळजीपणा नव्हता. जे माहीत असते ते माणूस विचारत नाही, आणि नाटक उजाडता संपते हे मला लहानपणापासून माहीत होते.

बाकीचे नियोजन त्यावर उभे राहिले. सकाळी नदी ओलांडून पलीकडे जायचे, तिथून एस.टी.ने तुमसर रोड, तिथून पॅसेंजर. परतीची गाडी उजाडल्यावर लगेच होती. नाटक सुटले की थेट स्टेशनवर जायचे. त्या वर्षी गाड्या वेळेवर धावत होत्या, त्यामुळे तीही काळजी नव्हती. नागपुरात मुक्कामाची सोय केली नाही, कारण रात्र नाटकातच जाणार होती. हा भाग मला माझ्या नियोजनातला सर्वांत सुबक भाग वाटला होता. मी तो मिलमधल्या सहकाऱ्यांनाही समजावून सांगितला, आणि तेही आपल्याच भागातले असल्यामुळे सर्वांनी मान डोलावली.

तुझी तयारी वेगळी चालली होती. मी सुटीला आलो तेव्हा तू भर दुपारी झोपलेली होतीस. तुला दुपारी झोपलेले मी आजारपणाशिवाय पाहिले नव्हते, म्हणून बायकोला विचारले. ती हसून म्हणाली, "आत्याबाईची झोप जमा करणं चालू आहे. नागपूरले डोळा लागू नाही म्हणून. चार दिवस झाले, मी धुणं धूतो आन त्या घोरतात." तू डोळे न उघडता म्हणालीस, "धू बाई. तुह्याबी सुनेले धुवा लागन तवा समजन." तू चिवडा करून डब्यात भरलास, पाण्याची कळशी घासून ठेवलीस आणि शिंदीची चटई गुंडाळून दोरीने बांधलीस. मी सांगितले की तिथे खुर्च्या असतात. तू म्हणालीस, "रातभर खुर्चीवर? पाठ मोडन ना बाप्पा." मी कळशी ठेवायला लावली. चटई तू ठेवली नाहीस.

गावाला तोवर सगळे ठाऊक झाले होते. नदीवर ढिवराने डोंगा काठाला लावला आणि तुझा हात धरून तुला आत घेतले. त्याने विचारले, "नाटक पाहाले चालल्या ना, मायबाई?" तू चटई मांडीवर आडवी घेऊन बसलीस. "शेवट पाहाले," तू म्हणालीस. तो वल्हे मारता मारता हसला. "मंग उद्या वापसीत मलेबी सांगजा. माही बुढीबी इचारत राहते, आन मी तं नाटकात झोपूनच जातो." तू त्याला सांगण्याचे कबूल केलेस. पाणी संथ होते आणि त्यावर धुके होते. मी घड्याळ पाहत होतो. आपण वेळेच्या पुढे होतो.

नाट्यगृहात तू खुर्चीच्या कडेला टेकून बसलीस आणि चटई पायांशी उभी केलीस. शेजारच्या बाईंनी ती पाहिली आणि साडीचा पदर आवरून घेतला. घंटा वाजली, दिवे मालवले, आणि तू माझा दंड धरलास. "लाइन गेली," तू म्हणालीस. मी सांगितले की गेली नाही, मुद्दाम घालवली आहे. "मंग आपली माणसं कशी दिसतील?" आपल्याकडे नाटक बघता बघता कोण आले, कोणाचे मूल रडते आहे, कोण पेंगते आहे हेही पाहायचे असते. मी म्हणालो की इथे आपली माणसे नाहीत. तू दंड सोडला नाहीस.

नाटक एका म्हाताऱ्याचे होते. तो शहरात एकटा राहतो. त्याचा मुलगा फार पूर्वी भांडून घर सोडून गेलेला असतो. शेजारची एक बाई येऊन त्याला समजावत राहते की तूच त्याला पत्र लिही. तो म्हणत राहतो की गेला तो, त्याने लिहावे. खोलीत एका तिपाईवर काळा फोन असतो. आपल्या गावात तेव्हा एकही फोन नव्हता. पण फोन म्हणजे काय हे तुला ठाऊक होते, आणि तो तिथे कशासाठी ठेवला आहे हे तू माझ्याआधी ओळखलेस. मध्यंतरात तू म्हणालीस, "पाह्यजो, पोट्टा फोन करन. म्हणून तं ठेवला आहे त्याइनं." मी म्हणालो, बघू. "बापानं बी करा लागत होता," तू म्हणालीस. "बाप झाला तं का झालं?" तुझे डोळे अगदी जागे होते.

आणि शेवटी फोन वाजतो. म्हातारा खुर्चीतून अर्धा उठतो. फोन वाजतच असतो. तो फोनकडे पाहत उभा राहतो, हात थोडा पुढे करतो. फोन वाजत असतानाच पडदा पडतो.

टाळ्या झाल्या. पडदा पुन्हा उघडला, सगळी नटमंडळी ओळीने उभी राहून हात जोडती झाली, पुन्हा पडदा. दिवे लागले. लोक उठले. तू चिवड्याचा डबा काढून मांडीवर घेतलास आणि झाकणात माझ्यासाठी वेगळा काढलास. "खाऊन घे," तू म्हणालीस. "कपडे बदलतील आता त्याइचे. वेळ लागन." लोक आपल्या गुडघ्यांपुढून तिरके होऊन बाहेर जात होते. मी घड्याळ पाहिले. मध्यरात्रही नीट उलटली नव्हती. मला समजले होते, तरी मी झाकण हातात घेऊन बसून राहिलो. शेवटी दारावरचा माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला.

"माताजी, शो खतम. चलिए."

"खतम कसा बाप्पा? फोन वाजूनच राहिला ना."

तो माझ्याकडे वळला. "साहब, समझाइए इनको. ताला लगाना है."

मी म्हणालो, "माय, नाटक संपले."

तू मागे वळून दाराबाहेरच्या अंधाराकडे पाहिलेस, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. "संपलं कसं?" तू म्हणालीस. "कोंबडा तं आरवला नाही."

रात्र बरीचशी उरली होती आणि माझ्या नियोजनात तिला कुठेही जागा नव्हती. दारावरचा माणूस हसला नाही, हे मला आठवते. त्याने तुझी चटई उचलून तुझ्या हातात दिली आणि आपल्या मागून एकेक दिवा मालवत आला.

स्टेशनच्या फलाटावर तू ती चटई अंथरलीस. खुर्च्या असतात म्हणून जी मी आणू देत नव्हतो, तिच्यावरच आपण ती रात्र काढली. मी पाय पोटाशी घेऊन आडवा झालो. तू बसून राहिलीस. जमा करून आणलेली झोप तुला आता झोपू देत नव्हती. एकदा मला जाग आली तेव्हा तू सिग्नलच्या दिव्यांकडे पाहत होतीस, हनुवटीखाली हात घेऊन, रंगमंचाकडे पाहावे तशी. उजाडायच्या थोडे आधी यार्डाच्या पलीकडे, रेल्वेच्या घरांमध्ये कुठेतरी कोंबडा आरवला. तू तत्काळ उठलीस, पदर खोचलास, माझ्या खांद्याला हात लावलास आणि चटई गुंडाळू लागलीस. अर्धी गुंडाळल्यावर थांबलीस. तिथे करायला काही नव्हते. मी स्टॉलवरून चहा आणून तुला दिला. तू तो उभ्याने, दोन्ही हातांत धरून प्यायलीस आणि म्हणालीस, "साखर सांडली त्यानं."

नदीवर डोंगा ठरल्याप्रमाणे होता. "का झालं मायबाई शेवटी?" ढिवराने विचारले.

"शेवट नाही दाखवला," तू म्हणालीस. "अर्ध्यातच पडदा पाडला आन पब्लिकले हाकलून देलं."

"पैसे घेऊन?"

मी मध्ये बोललो. मी सांगितले की शेवट दाखवला, तोच त्या नाटकाचा शेवट होता. शहरात नाटक थोड्या वेळातच संपते, आणि म्हातारा फोन उचलतो की नाही हे प्रेक्षकांवर सोडलेले असते. तुम्ही दोघांनी ते ऐकून घेतले. "तुह्या हिशेबानं असंन," तू म्हणालीस. ढिवर वल्हे मारत म्हणाला, "आमच्यावर सोडाचं होतं तं मंग तिकीट कायचं घेतलं?" त्यावर तू हसलीस. साऱ्या प्रवासात तेवढीच एकदा. गावात पुढे कितीतरी दिवस हीच गोष्ट सांगितली गेली, की नागपूरवाले अर्धेच नाटक दाखवतात. मी ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न काही काळ केला.

तू मला पुन्हा नागपूरला ने असे म्हणाली नाहीस. पुढच्या मंडईला तू पूर्वीसारखीच कोंबड्याबरोबर उठलीस. मात्र अधूनमधून, मी सुटीला आलेलो असताना, भाकरी थापताना नाहीतर भाजी निवडताना, तू विचारायचीस, "त्यानं उचलला असंन का रे?"

"नाटक तिथेच संपते, माय."

"नाटकात नाही म्हणत मी. त्याच्या घरी."

"त्याला घर नाही. तो नट होता."

"नटाचं नाही इचारत. म्हाताऱ्याचं इचारतो."

मी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिले. ते बरोबर होते आणि आजही बरोबर आहे. बाबा गेले, त्यानंतरही तू विचारलेस. तुझ्या शेवटच्या आजारात, भंडाऱ्याच्या दवाखान्यात, तू ते विचारले नाहीस. गाय व्याली का, एवढेच विचारत होतीस. पहाटे मी चहा आणायला खाली गेलो. परत आलो तेव्हा नर्स चादर वर ओढत होती. "आत्ताच," ती म्हणाली. मी पेला खिडकीत ठेवला आणि जिथे सांगितली तिथे सही केली. गाडी ठरवली, गावी निरोप पाठवला, लाकडांची व्यवस्था केली, आणि कशातही काही राहून गेले नाही. मला रडू आले नाही. ते पुढे केव्हातरी येईल, असे लोक म्हणाले. मी त्याची काही वर्षे वाट पाहिली. नंतर ते माझ्या लक्षातूनही गेले.

आता काल रात्रीचे. नाटक बरे होते, निदान नटांना पाठ होते. मी पुरुषांच्या बाजूला, दोरीजवळ बसलो होतो. कोंबडा आरवला आणि पलीकडे हालचाल सुरू झाली. तुझी सून उठली, तिने शेजारणीच्या खांद्याला हात लावला. मी दोरीशी गेलो आणि तिला म्हणालो, "तू बस. चहा मी ठेवतो."

"तुम्ही?" ती म्हणाली. "भांडे कुठं राहतात ठाऊक आहे का?"

"सापडतील."

"पाव्हण्यांनं पाह्यलं तं का म्हणतील?"

शेजारीण म्हणाली, "बस वो बाई. बुढा आपल्या तोंडानं म्हणून राहिला तं बस. उद्या म्हणन का नाही, कोणाले ठाऊक?" ती बसली. शेजारीण मात्र उठून गेली; तिला कोणी बस म्हणाले नव्हते.

मी घरी आलो, पाणी तापायला ठेवले, चहा ठेवला. भांडी सापडली. वावरातला भोंगा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो, पण शब्द येत नाहीत. आवाज चढतो, मग एक जण बराच वेळ बोलतो, मग कोणीच बोलत नाही, मग टाळ्या. त्या मधल्या शांततेत काय झाले ते कळत नाही. तू इतकी वर्षे हे ऐकत होतीस, हे मला आज समजले असे मी लिहिणार नाही. ते मला आधीही माहीत होते. आज पहाटे ते कानांवर पडले, एवढेच.

तुझी सून आली तेव्हा ऊन ओट्यावर आले होते. मी चुलीपुढून विचारले, "काय झाले मग शेवटी?"

"झालं. आटपलं," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. "चहा आहे का?"

मी चहा दिला. तिने एक घोट घेऊन पेल्यात पाहिले, पण साखरेबद्दल काही बोलली नाही. नंतर शेजारीण आली आणि परसात तुझ्या सुनेने तिला सगळे सांगितले: कोण आधी बोलले, कोण नंतर, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते खरे होते की खोटे. मी आत भांडी धूत होतो. ऐकण्यासारखे होते.

पाहुणे दुपारी गेले. तुझी सून शेजारी गेली आहे, घरात आता कोणी नाही, म्हणून हे लिहिले. ते पाठवण्याचा प्रश्न नाही. कपाटात तुझी चटई गुंडाळून ठेवली आहे, तिच्यात घालीन. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. मिलच्या कचेरीत माझ्या टेबलावर फोन आहे. तो वाजला की मी पहिल्याच घंटीला उचलतो, हातातले काम टाकून, कधी बेरीज अर्धवट सोडूनही. हाताखालची माणसे नव्या माणसाला माझा दाखला देतात, की साहेबांची शिस्त पाहा. मी त्यांना आजवर दुरुस्त केलेले नाही. ती शिस्त नाही, माय. तो वाजत राहिलेला मला ऐकवत नाही.

तुझा थोरला
करडी
कार्तिक, मंडईचा दुसरा दिवस